एकच खोली, एकच टेबल आणि बोटांना संधिवात : लाकूड कोरायचा छंद जमेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: राहायला एक खोली, टेबलही एकच, दोन्ही हातांना संधिवात आणि डावा जास्त दुखरा. अशा अवस्थेत लाकूड कोरायला शिकता येईल का, आणि येत असेल तर पटाशांचा सेट घ्यावा की मोटारवालं यंत्र? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: इतक्यात दोन्ही नको. बाकीच्याचं उत्तर 'हो' असं आहे, पण ते जरा लांबेल.

मी 11 वर्षं घरी लाकूड कोरतेय. त्यातली शेवटची 6 वर्षं दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी सांधे झिजलेले आहेत. बरणीचं झाकण मला उघडत नाही, सुरी मात्र चालते. लोकांना यात माझी जिद्द वगैरे दिसते. तसलं काही नाही. झाकण आवळून पिळावं लागतं, धारदार सुरी नुसती ढकलावी लागते, एवढाच तो फरक.

सुरुवातीला मी समजत होते की त्रास होणार तो सुरीच्या हाताला. पण रात्री ठणकायचा तो डावा, नुसतं लाकूड धरून बसलेला हात. दोन-चार दिवस स्वतःकडेच नीट बघितल्यावर कारण कळलं. उजवा हात प्रत्येक कापानंतर क्षणभर सैल पडतो. डावा बिचारा अर्धा तास ठोकळा आवळून बसलेला, आणि ठोकळा जितका लहान तितकी चिमूट घट्ट. अंगठ्याच्या टोकाशी 1 किलोची चिमूट धरली तर त्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे 12 किलोचा भार येतो, असं हाताच्या अभ्यासातलं एक जुनं गणित आहे. ते वाचलं आणि माझ्या डाव्या अंगठ्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

तुमचा तर डावाच जास्त दुखतो. तेव्हा पहिला खर्च सुरीवर नको, लाकूड धरण्याच्या सोयीवर करा.

सगळ्यात साधी सोय म्हणजे एक फळी. प्लायवुडचा साधारण 30 बाय 25 सेंटीमीटरचा तुकडा घ्या. एका कडेला खालच्या बाजूने एक पट्टी ठोका, समोरच्या कडेला वरच्या बाजूने दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकतं. तुम्ही पुढे ढकलाल तसं लाकूड पट्टीवर आणखी घट्ट बसतं. धरायचं कुणी? कुणीच नाही. काम संपलं की फळी कपाटामागे उभी, टेबल पुन्हा जेवायचं. याला जोड म्हणून टेबलाच्या काठाला आवळून बसवता येणारा, लाकूड जबड्यात दाबून धरणारा छोटा शिकंजा मिळाला तर उत्तमच. मात्र त्याचा दांडा लांब बघा. लहान चकतीवाला घेतलात तर तो आवळतानाच बोटं संपतील.

पातळ पाटीवर उठाव कोरायचा असेल तर कागदाची जुनी युक्ती आहे. पाटीच्या तळाला सुतारी गोंद, त्यावर साधा कागद, कागदावर पुन्हा गोंद आणि मग खालची मोठी फळी. वर वजन ठेवून रात्रभर सोडून द्या. फळी शिकंज्यात धरली की पाटी हलत नाही. काम झाल्यावर पातळ पातं कागदाच्या थरात घालून हलकेच उचकटायचं, कागद मधोमध फाटतो आणि पाटी सुटी होते. तळाला चिकटलेला कागद ओल्या फडक्याने निघतो. मला ही युक्ती कळायला 4 वर्षं लागली. तोवर मी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर विश्वास टाकत होते आणि ऐन नाजूक जागी पाटी सरकत होती.

लाकूड असं अडकवून ठेवण्याचा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे. दोन्ही हात मोकळे होतात आणि दोन्ही हत्यारावर येतात: एक मुठीवर जोर द्यायला, दुसरा पात्याच्या बुडाशी दिशा द्यायला. दोन्ही हात धारेच्या मागे असले की धार हाताला लागणार कुठून? पकड ढिली असलेल्यांना हत्यार निसटायची भीती जास्त असते, आणि ती रास्त आहे. तरीही न कापला जाणारा हातमोजा डाव्या हातात घालाच. तो घासत जाणारी धार अडवतो. टोक सरळ घुसलं तर अडवेलच असं नाही, हे ध्यानात ठेवा. बोटांना बधिरपणा असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुरी हातात घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आता मूठ. बारीक मूठ धरायला बोटं जास्त मिटावी लागतात, म्हणून ती जाड करायची. पाण्याच्या नळ्यांवर चढवतात ती फोमची नळी, किंवा स्वतःलाच चिकटणारं बँडेज, दोन्ही चालतात. तळहात जेमतेम मिटेल इतकी जाडी पुरे. माझी चूक सांगते. मी मूठ छान गुबगुबीत गोल केली, सुरी टेबलावर ठेवली आणि चहा आणायला वळले. सुरी घरंगळली आणि पायाच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर जमिनीत उभी राहिली. त्या दिवसापासून माझ्या सगळ्या मुठींना एक बाजू चपटी असते.

ब्राझीलमध्ये अलेइजादिन्यो नावाचा मूर्तिकार होऊन गेला, 1814 साली वारला. हे त्याचं टोपणनाव, अर्थ 'छोटा पांगळा'. आजाराने हात निकामी होत गेल्यावर तो हत्यारं हातांना बांधून घ्यायचा असं परंपरेने सांगतात. कॉन्गोन्यासच्या चर्चसमोरच्या 12 संदेष्ट्यांच्या दगडी मूर्ती 1800 ते 1805 मधल्या, म्हणजे त्याच उतरत्या काळातल्या. ही गोष्ट हात दुखणाऱ्यांना धीर द्यायला सांगतात तेव्हा मला कंटाळा येतो. माझं लक्ष त्या बांधण्याकडे जातं. हत्यार आवळायचं काम त्याने बोटांकडून काढून घेतलं आणि दोरीला दिलं. तुम्ही मात्र सुरी हाताला बांधू नका. तोल गेला तर ती टाकून देता यायला हवी.

लाकडाबाबत माझा हट्ट आहे: पहिलं वर्ष फक्त मऊ. लाकडाचा टणकपणा मोजायची यांका नावाची चाचणी आहे. 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते तीत बघतात. कोरकामाला वापरतात त्या बासवुड या मऊ लाकडाचा आकडा 410 पाउंडांच्या आसपास, पांढऱ्या ओकचा 1360 च्या आसपास. सागवान या दोघांच्या मध्ये येतं, पण त्यात वाळूसारखा सिलिका असतो आणि तो धार खातो. घरात जुन्या फर्निचरचा सागाचा तुकडा पडलेला असतोच, तो बघून मोह होतो. राहू द्या. बासवुड हे लिंडन या झाडाच्या कुळातलं. युरोपातल्या मोठमोठ्या कोरक्यांनी लिंडनच वापरलं, आणि इंग्लंडमध्ये नाव काढलेल्या ग्रिन्लिंग गिबन्सची (1648–1721) कागदासारखी पातळ फुलंपानंही त्याच लाकडातली. तेव्हा मऊ लाकूड म्हणजे शिकाऊ लाकूड असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

मऊ लाकूडही कधीकधी हट्टी निघतं. तेव्हा निम्मं पाणी आणि निम्मं सर्जिकल स्पिरिट असं मिश्रण फवाऱ्याच्या बाटलीतून हलकं मारा आणि मिनिटभर थांबा. वरचा थर नरमतो. जवळपास ज्योत नको, खिडकी उघडी हवी.

आणि धार. सांधे दुखणाऱ्यांनी धारेत कंजूषी करायची नाही, कारण बोथट सुरीला लागणारा जास्तीचा जोर तुमच्याच अंगठ्यातून जातो. लाकडाच्या पट्टीवर चामड्याचा तुकडा चिकटवा, त्यावर धातू चकचकीत करायची हिरवी पॉलिशची कांडी घासा, आणि दर 15–20 मिनिटांनी सुरी त्यावर 10–12 वेळा ओढा. धार मागे ठेवून ओढायची. पुढे ढकललीत तर चामडंच सोलून निघेल. परीक्षा अशी: लाकडाच्या रेषेला, म्हणजे तंतू ज्या दिशेने धावतात तिला, आडवा काप द्या. कापलेला भाग चकचकीत दिसला तर धार आहे. पांढुरका, फाटल्यासारखा दिसला तर नाही. चामड्यावर सुरी ओढणं हाताला विश्रांतीसारखंच असतं, त्यामुळे मी त्याला कामात धरत नाही.

वेळेचं गजर लावूनच सांभाळा, मनाला विचारून नव्हे. कोरताना दुखणं कळत नाही, नंतर कळतं. मी आधी 5 मिनिटं कोमट पाण्यात हात ठेवते, मग 20 मिनिटं काम, मग उठणं. संधिवातवाल्यांसाठी एक ठोकताळा सांगतात: काम थांबवल्यावर 2 तासांनीही जास्तीचं दुखत असेल तर काम जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करा. सांधे सुजलेले, गरम असतील त्या दिवशी सुरी बंद. त्या दिवशी चित्र काढा, आराखडा करा. अंगठ्याला आधारपट्टी लागेल का हे हातांचे व्यायाम घेणाऱ्या थेरपिस्टला विचारा. मला त्या पट्टीने बराच फरक पडला.

जागेचं मी फार बोलणार नाही, कारण जागा हा यातला सोपा भाग आहे. काठ असलेला मोठा ट्रे, मांडीवर जुनी चादर, हत्यारं गुंडाळायला कापडी गुंडाळी, सगळं मिळून बुटांच्या खोक्याएवढं. सुरीचे ढलपे मोठे असतात, चादर झटकली की गेले. त्रास देते ती घासकामाची धूळ. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. ज्या खोलीत झोपता तिथे काचपेपर घासू नका. घासायचंच असेल तर उघड्यावर आणि मास्क लावून. मी जवळजवळ घासतच नाही. सुरीचे बारीक पैलू तसेच ठेवते, मला ते आवडतातही.

लहान घरात आणखी एक जपायचं: जवसाचं तेल लावलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. फडकं बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका. मी तेलाऐवजी मेण चोळते, निम्मी काळजी तिथेच संपते.

यंत्राचं राहिलं. मी घेतलं होतं. भुर्रर्र करून लाकूड खातं, पकड लागत नाही असं वाटतं, पण 10 मिनिटांत बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि झोपेपर्यंत गेल्या नाहीत. कंपनं हातांच्या नसांना आणि रक्तवाहिन्यांना बाधतात. शिवाय धूळ आणि आवाज, एका खोलीत! ज्यांची बोटं कंपन सहन करतात त्यांना ते चालतं, पण ते आधी दुसऱ्याचं घेऊन बघावं. सेटचं म्हणाल तर 12 पटाशांचा माझा सेट आहे. त्यातल्या तिघी काम करतात, बाकीच्या नऊ जणी पाहुण्यांना दाखवायला.

पहिलं काम म्हणून पक्षी करा. पक्षी 6 सेंटीमीटरचा, ठोकळा मात्र 14 सेंटीमीटरचा, 4 बाय 4 जाडीचा, रेषा लांबीत. शेपटीकडचं जादा लाकूड शिकंज्यात जाईल, बोटांना पक्ष्याला हातही लावायला नको. बाजूने चित्र काढा. मानेच्या जागी आधी सरळ खाली एक काप, जेमतेम 3 मिलिमीटर. मग डोक्याकडून तिरका काप, तो पहिल्या कापाला भेटला की एक छोटी पाचर टपकन उडते. मग पाठीकडून तसाच. पुन्हा थोडं खोल. जिथे सुरी अडखळते आणि लाकूड चिरायला लागतं तिथे तुम्ही रेषेच्या उलट चालला आहात. जोर वाढवू नका, दुसऱ्या बाजूने या. ठोकळ्याच्या कडा मोडा, पोट गोल करा, शेवटी शेपटीपाशी करवतीने सोडवा. चोच अगदी शेवटी. रेषा लांबीत असल्यामुळे ती सहसा टिकते. तरी तुटलीच, तर थोडी मागे घेऊन रुंद करा आणि घरच्यांना सांगा की बदकच करायचं होतं.