आर्डुइनोवर एसी करंटचा आरएमएस दरवेळी वेगळा येतो, सेन्सर बदलू का?

तुम्ही आर्डुइनो ऊनोला (आर३) एसीएस७१२ करंट सेन्सर जोडून मोटारीचा करंट मोजताय. लूपमध्ये ॲनालॉगरीड, सिरियल प्रिंट आणि डिले(१) आहे, २० रीडिंगं म्हणजे एक सायकल असा हिशोब आहे. लोड तोच असून आरएमएसचा (बदलत्या करंटच्या परिणामी मूल्याचा) आकडा हलतो. सेन्सर राहू द्या, आधी वेळ तपासा.

५० हर्ट्झची सायकल २० मिलिसेकंदांची. आरएमएस बरोबर यायला रीडिंगं सारख्या अंतरावर आणि पूर्ण सायकलभर पडायला हवीत. डिले(१) फक्त मध्ये एक मिलिसेकंद थांबवतो. ऊनोचा एडीसी (ॲनालॉग सिग्नलचा आकडा करणारा भाग) १२५ किलोहर्ट्झवर चालतो, एका कन्व्हर्जनला १३ क्लॉक, म्हणजे १०४ मायक्रोसेकंद लागतात. एवढ्यानेच २० रीडिंगं २२ मिलिसेकंदांवर जातात, आणि वरचे दोन मिलिसेकंद कधी लाटेच्या शिखरावर पडतात, कधी शून्याजवळ.

खरा घोळ प्रिंटचा आहे. ९६०० बॉडला (सिरियलचा वेग) एक अक्षर जायला साधारण १.०४ मिलिसेकंद लागतो. तीन आकडे आणि ओळ बदलायची दोन अक्षरं, म्हणजे पाच मिलिसेकंदांहून जास्त. पाठवायची अक्षरं साठवणाऱ्या ६४ बाइटच्या बफरमध्ये जागा असते तोवर प्रिंट अडत नाही, म्हणून पहिली पंधराएक रीडिंगं भराभर येतात. बफर भरला की अंतर एकदम पाच मिलिसेकंदांवर जातं. सिरियल प्लॉटर सगळे बिंदू सारख्याच अंतरावर मांडतो, त्यामुळे तिथे हे उघड कळत नाही.

सोपा उपाय मायक्रोसचा (मायक्रोसेकंदांत वेळ देणारं फंक्शन): पुढच्या रीडिंगची वेळ मागच्या ठरलेल्या वेळेत १००० मिळवून काढा, 'आत्ता'मध्ये मिळवून नको, नाहीतर उशीर साचत जातो.

मी मात्र टायमरच वापरा म्हणेन. टायमर १ सीटीसी मोडमध्ये (ठरलेल्या आकड्याला पोचला की पुन्हा शून्यापासून), प्रीस्केलर (क्लॉकचा भाजक) ८, ओसीआर१ए (तो ठरलेला आकडा) १९९९, ओसीआर१बीही तितकाच: झाले १ किलोहर्ट्झ. एडीसीचा ऑटो ट्रिगर चालू करून स्रोत 'टायमर १ कंपेअर मॅच बी' निवडा. मग कोड काहीही करत असो, ट्रिगरनंतर दोन एडीसी क्लॉकनी सॅम्पल पकडला जातो. एडीसीच्या इंटरप्टमध्ये (रीडिंग झालं की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) ओसीएफ१बी फ्लॅग (मॅच झाल्याची खूण) स्वतः क्लिअर करा. तो राहिला की एकच रीडिंग येऊन सगळं थांबतं, आणि बहुतेक जण इथेच अडकतात. ९ आणि १० नंबरच्या पिनवरचं पीडब्ल्यूएम आणि सर्वो लायब्ररी मात्र सोडावी लागेल.

त्याच इंटरप्टमध्ये एखादी पिन टॉगल करा. मल्टिमीटरच्या हर्ट्झ रेंजवर ५०० दिसले तर टायमिंग बरोबर आहे.

शेवटी, २० ऐवजी २०० रीडिंगं घ्या. ग्रिडची फ्रिक्वेन्सी नेमकी ५० राहत नाही, दहा सायकलींत तो फरक बराच दबतो. त्याच २०० रीडिंगांची सरासरी शून्य धरून वजा करा, आणि प्रिंट सगळा हिशोब झाल्यावर एकदाच.