म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरला ॲक्युपंक्चर करून बघावं का?

तुमचा लॅब १२ वर्षांचा, मागचे पाय धरलेत, उठताना धडपडतो आणि सोसायटीत कुणीतरी ॲक्युपंक्चर सुचवलंय, असं तुम्ही लिहिलंय. करून बघायला माझी ना नाही. फक्त सुया टोचण्याआधी त्याला नक्की झालंय काय, ते कळू द्या.

मागचे पाय धरण्यामागे खुब्याचा संधिवात असतो, मणक्यातली चकती सरकलेली असते, आणि आपल्याकडे हमखास विसरलं जाणारं कारण म्हणजे गोचीड ताप. त्यातही सांधे दुखतात, आणि प्लेटलेट्स पार खाली येतात. अशा कुत्र्याला सुया टोचल्या तर रक्तस्राव व्हायचा. म्हणून एक्स-रे आणि रक्ताची तपासणी आधी. आणि कुत्रा कालपर्यंत बरा होता, आज पाय फरफटतोय किंवा लघवी अडकलीय, असं असेल तर सुया-बिया राहू द्या, तडक दवाखाना गाठा. मणक्याच्या काही दुखण्यांत तासातासाला फरक पडतो.

आता गुण येतो का? कुत्र्या-मांजरांसकट पाळीव जनावरांवरच्या ॲक्युपंक्चरचे प्रयोग गोळा करून २००६ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की शिफारस करावी किंवा धुडकावून लावावं, इतका भक्कम पुरावा नाही. त्वचेच्या वेदना आणि जुलाब यांत थोडी आशा दिसते, पण आणखी चांगले प्रयोग हवेत. त्यामुळे ‘शंभर टक्के रिझल्ट’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

त्यात आपले डोळेही दगा देतात. संधिवाताच्या कुत्र्यांवरच्या एका प्रयोगात ज्यांना औषधाऐवजी नुसती खोटी गोळी दिली होती, त्यांची चाल मोजणाऱ्या यंत्रावर सुधारलेली नव्हती. तरी अर्ध्याहून जास्त वेळा मालकांना फरक वाटला! डॉक्टरही यातून पूर्ण सुटले नाहीत. म्हणून पहिल्या सिटिंगच्या आधीच मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा: सकाळी झोपेतून उठताना, त्याच जागी, त्याच फरशीवर. दर आठवड्याला तसाच काढा आणि कुत्र्याला रोज न पाहणाऱ्या माणसाला तारखा लपवून दाखवा.

आमच्या कुत्रीला केलं होतं. सुया केसासारख्या बारीक. कमरेजवळच्या पहिल्या सुईला कातडी थरथरली, मान वळवून तिने डॉक्टरांकडे रागाने पाहिलं, आणि थोड्याच वेळात ती आडवी होऊन घोरायला लागली. नंतर दोन सुयांना क्लिपा लावून मंद करंट दिला. निघताना डॉक्टरांनी काढलेल्या सुया मोजल्या, ते मला आवडलं, कारण चाटता चाटता सुई पोटात जायची भीती असते. पाठीचे ताठलेले स्नायू सैल झाल्यासारखे वाटले खरे, पण वेदनाशामक औषध चालूच होतं, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते मी सांगत बसणार नाही. तुम्हीही औषध परस्पर बंद करू नका. आणि घरातली ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक तर चुकूनही देऊ नका, कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती घातक आहेत.

सुई कुणाच्या हातात हेही बघा. महाराष्ट्रात माणसांच्या ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, पण तिथे नोंद असली म्हणून जनावरांवर उपचार करता येत नाहीत. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार ते नोंदणीकृत पशुवैद्याचं काम. ‘माझ्या क्लिनिकला घेऊन या, कुत्र्यालाही करतो’ म्हणणारे भेटतात. जाऊ नका. पशुवैद्यालाच विचारा की हे शिकलात कुठे.

पैशाचं गणित असेल तर माझा क्रम वेगळा आहे. आधी गुळगुळीत फरशीवर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेत रबरी पायपुसणी किंवा सतरंज्या टाका, न सरकणाऱ्या. मग वजन. लॅब म्हणजे खादाड, त्यात आजी गुपचूप चपाती भरवते. वजन ६-७ टक्के उतरलं तरी लंगडणं कमी होतं, असं अभ्यासात दिसलंय. एवढं करून हाताशी पैसे असतील तर ॲक्युपंक्चर जोडीला घ्या, आणि किती सिटिंगनंतर फरक दिसला नाही तर थांबायचं, ते डॉक्टरांशी पहिल्याच दिवशी ठरवा. पॅकेजचे पैसे मात्र आगाऊ भरू नका.