एकच बाजू दबकी वाजते, म्हणजे दोष बहुधा ॲझिमुथचा

प्रश्न थोडक्यात असा: लोकगायकाने स्वतः काढलेली पहिली कॅसेट, दुसरी प्रत मिळत नाही. ए बाजू दबकी, बी बाजू स्वच्छ, प्रेशर पॅड (फीत हेडवर दाबून धरणारी छोटी गादी; हेड म्हणजे डेकचा फीत वाचणारा भाग) सुटायला आलंय. डिजिटल करताना डॉल्बी (डेकवरची खरखर कमी करायची सोय) लावायचं का?

सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही खिट्ट्या मोडा. रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं गेलं तर ही गाणी परत येणार नाहीत.

पॅड दोन्ही बाजूंना एकच असतं. ते सुटलं तर दोन्हीकडचा आवाज दबतो आणि वरखाली होतो. तुमची एकच बाजू दबकी आहे, म्हणून संशय ॲझिमुथवर, म्हणजे हेडच्या फटीचा फितीशी जो काटकोन असायला हवा त्यावर. अशा कॅसेटच्या प्रती बहुतेक वेळा साध्या घरगुती डेकवर निघायच्या. त्या डेकचं हेड जरा तिरकं असेल तर तोच तिरकेपणा फितीवर उमटतो आणि सरळ हेडवर वाजवताना वरचे स्वर गळतात. ते फितीवर शाबूत असतात, फक्त तुमच्या हेडला वाचता येत नाहीत. म्हणून नंतर इक्वलायझरने ट्रेबल चढवू नका, त्याने फक्त खरखर वाढते.

पॅड मात्र आधी बदला. त्यासाठी स्क्रूवाला चांगला रिकामा शेल (कॅसेटचं बाहेरचं कवच) घ्या, त्यात त्याचं पॅड असतंच. मूळ शेलला स्क्रू असतील तर सोपं. चिकटवलेला असेल तर सांध्यात पातळ पातं घालून हळूहळू उकला. उघडल्यावर फितीच्या वाटेचा फोटो काढा आणि रिळं दोन्ही बाजूंच्या पातळ प्लास्टिक शीटसकट उचलून नव्या शेलमध्ये ठेवा. फितीला बोट लावू नका. लीडरचा (फितीच्या टोकाच्या कोऱ्या पट्टीचा) जोड सुटला तर कॅसेटसाठीची ३.८ मिमी रुंद स्प्लायसिंग टेपच वापरा. साध्या चिकटपट्टीचा गोंद पाझरून शेजारचे वेढे चिकटतात.

डेक ऑटो-रिव्हर्स (कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणारा) नसलेला घ्या. हेड, कॅपस्टन (फीत ओढणारी फिरती दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आता हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू. त्याची मूळ जागा खुणेने टिपून ठेवा, आउटपुट मोनो करा आणि गाणं चालू असताना स्क्रू एक अष्टमांश फेऱ्याहूनही कमी कमी फिरवा. ‘स’, ‘श’ आणि टाळांची किणकिण सर्वांत उघडी ऐकू येईल तिथे थांबा. मोनोतच ऐका, कारण दोन चॅनलमधला वेळेचा फरक तिथे लगेच कळतो. बी बाजूला हे सगळं पुन्हा करायचं. फीत उलटली की कोनही बदलतो.

डॉल्बी बंद ठेवा. डॉल्बी बी लावून भरलेली फीत त्याशिवाय वाजवली तर जास्त तीक्ष्ण वाजते, दबकी नाही. ॲझिमुथ चुकलेलं असताना डॉल्बी लावलं तर वरचे स्वर आणखीच बुडतात.

डिजिटल रेकॉर्डिंग स्टिरिओत करा: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, आवाजाचं शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास. ६० मिनिटांना साधारण २ जीबी लागतात. या फाइलवर नॉइज रिडक्शन करू नका, हवं तर वेगळ्या प्रतीवर करा.

वेग तपासायला विजेची घुमघुम फार उपयोगी पडते. मूळ रेकॉर्डिंग ५० हर्ट्झच्या विजेवर झालं असेल आणि स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखात) रेष ५१ वर दिसली, तर फीत २ टक्के जास्त वेगाने वाजतेय. तुमच्या डेकची स्वतःची घुमघुम कॅसेट थांबवूनही दिसते, तिच्याशी गल्लत करू नका. वाद्यांच्या सुरावरून वेग ठरवणं धोक्याचं, कारण ती ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर लावली असतील याची खात्री नसते.

गाणी कुणाला देण्याआधी गायकाला किंवा घरच्यांना विचाराच. त्याच वेळी मूळ मास्टर फीत कुठे ठेवलीय तेही विचारा. तुमची प्रत तिच्याहून निदान एक पिढी मागे आहे. मास्टर सापडली तर हे सगळं काम तिच्यावर करा.