प्रभूचं काम आणि घरची लेकरं

‘‘मॅडम, काम सोडलं तर देवाचा अपराध, धरून ठेवलं तर लेकरांचा. मी करू तरी काय?’’

मी समुपदेशक आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे वर्षाकाठी बऱ्याच जणी येतात. त्यांत पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, बायका असतात, कीर्तनाला गावोगाव जाणाऱ्या असतात, वस्त्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या असतात. नोकरी करणारी आई निदान पगाराकडे बोट दाखवू शकते. जिचं काम बिनपगारी किंवा नावापुरत्या मानधनाचं, आणि तेही देवाचं पाचारण मानून घेतलेलं, तिला घरात तेवढाही आधार नसतो. रजा मागायची तर कुणाकडे मागणार?

छत्रपती संभाजीनगरात कॉलेजच्या ख्रिस्ती मुलामुलींमध्ये सेवा करणाऱ्या आयांकडून हेच इतक्यांदा ऐकलं, की एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. खाली जिला मी करुणा म्हणते, ती कुणी एक बाई नाही. काही जणींच्या हकिगती एकत्र करून, ओळखीच्या खुणा पुसून ती तयार केली आहे.

कॉलेजातलं हे काम आपल्याकडे जुनं आहे. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ही संस्था 1912 पासून आहे, युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया (युईएसआय) 1954 पासून. करुणाचं मंडळ त्यांच्यापुढे अगदीच छोटं. आठवड्यातून एकदा तिच्या घरी मुली जमायच्या. गाणी, शास्त्रवाचन, प्रार्थना आणि शेवटी पोहे. मुली परभणी, हिंगोली, बीडकडच्या. त्यांतल्या काहींचे आईवडील दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तेवढे महिने वसतिगृहातल्या पोरीला सुट्टीत जायला घरच नसतं. अशा पोरीला ‘ताईचं घर’ म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी ‘एवढं कशाला करायचं’ असं पटकन म्हणू नये.

करुणा स्वतः अशीच वसतिगृहात शिकलेली. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, रोज जाऊन-येऊन करणारा. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, शिवाय घरात सासूबाई. वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी बंद होतं, म्हणून सभा पाच ते सात. लहान मूल झोपेतून उठून आईला चिकटतं आणि मोठ्याला भूक लागते, तीही नेमकी तीच वेळ.

ती माझ्याकडे आली ते मुलीच्या एका प्रश्नामुळे. शाळेतून आल्यावर मुलीनं दप्तर ठेवता ठेवता विचारलं होतं, ‘‘मम्मी, आज कुठली ताई रडणार आहे?’’

हे सांगताना करुणा स्वतःच रडली. ‘‘माझ्यामुळे लेकराचं बालपण खराब होतंय.’’

बालपण वगैरे मी बाजूला ठेवलं. मुलगी प्रश्न मोकळेपणानं विचारते आहे, म्हणजे आईशी तिचं बोलणं शाबूत आहे, हे आधी सांगितलं. मग विचारलं, ‘‘मुली रडतात तेव्हा ही कुठे असते?’’

‘‘तिथेच. एकच तर हॉल आहे.’’

‘‘मग ते आधी बदल.’’

इतकं सोपं असतं कधी कधी. कुणाचं घर मोडलं, कुणाला दिलेलं वचन फिरवलं गेलं, हे सगळं सहा वर्षांच्या मुलीनं ऐकायची गरज नाही. गाणी, प्रार्थना, पोहे यांत लेकरं खुशाल असू द्यावीत. त्यांना त्यातून मिळतंच. एकेकटीचं मन मोकळं करायला मात्र वेगळी वेळ आणि वेगळी जागा हवी. चर्चच्या आवारातलं बाकडंही चालतं.

दुसरी गाठ फोनची होती. करुणाचा फोन रात्रभर उशाशी.

‘‘बंद का करत नाहीस?’’

‘‘एखादीनं काही करून घेतलं तर?’’

ही भीती पोकळ नव्हती. निकालाच्या दिवसांत अशा बातम्या येतात आणि तिच्या मंडळातल्या एका मुलीनं तसं बोलूनही दाखवलं होतं. पण अंगावर पिणाऱ्या बाळाची आई चोवीस तास पहाऱ्यावर बसू शकत नाही, बसूही नये. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. 14416 वर रात्री-अपरात्री मराठीतही बोलता येतं. तो नंबर प्रत्येक मुलीच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्यायला मी सांगितलं. त्याबरोबर वसतिगृहाच्या रेक्टरबाईंचा आणि घरच्या एका माणसाचा. जीव द्यायची भाषा करणाऱ्या मुलीला फक्त प्रार्थनेवर ठेवायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं, हेही तिच्याकडून वदवून घेतलं. या बाबतीत मी कुणाच्याच श्रद्धेची भीड ठेवत नाही.

एरवी मात्र समोरच्या माणसाचा देव मी टेबलाखाली ढकलत नाही. मी ख्रिस्ती नाही, पण माझ्या कपाटात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आहे आणि ते शोभेसाठी नाही.

त्याचा उपयोग सासूबाईंच्या वेळी झाला. माझी पद्धत अशी, की बाई एकटी आली तरी मी पूर्ण घर समोर बसलंय असं धरून चालते. मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1950च्या दशकात रुग्णांबरोबर त्यांची कुटुंबंही वॉर्डात राहायला आणली होती. मला तेवढं शक्य नाही, पण सासूला एकदा बोलावणं शक्य असतं.

सासूबाई जालन्याकडच्या. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, त्या भागातलं जुनं ख्रिस्ती घराणं. सासरे पाळक होते. त्या आल्या, बसल्या आणि पहिल्याच दमात म्हणाल्या, ‘‘मी हिला एलीची गोष्ट सांगितली. एली मंदिरात सेवा करत बसला अन् त्याचे दोन्ही पोरं वाया गेले. मग? माझं काय चुकलं माय?’’

मी बायबलातल्या ‘पहिला शमुवेल’ या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढून त्यांच्याच हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला. तिथे एलीवर ठपका आहे तो मुलं काय करताहेत हे माहीत असून त्यांना आवरलं नाही याचा. मंदिरात फार वेळ घालवला, असा नाही. आणि त्याच मंदिरात, त्याच एलीच्या हाताखाली हन्नेचा शमुवेल वाढत होता, म्हणजे दुसऱ्याचं लेकरू. हे मी दाखवल्यावर त्या जरा वेळ बोलल्या नाहीत. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, ‘‘हे गावोगाव सभेला जायचे. चारही लेकरं मी एकटीनं वाढवली. ताप आला तरी एकटीनं. मला कुणी विचारलं?’’

एलीची गोष्ट त्या सुनेला सांगत होत्या, पण बोलत होत्या वारलेल्या नवऱ्याशी. करुणा शेजारीच होती. घरी जाताना तिनं सासूचा हात धरला, एवढंच मी पाहिलं. नंतर करुणानं त्यांना मुलींच्या सभेत एखाद्या वेळी बोलायला बोलावलं. त्यावर उत्तर आलं, ‘‘मला नको. माझं झालं करून.’’ तेही बरोबरच होतं. प्रत्येक आजीला सेवेत ओढायची गरज नसते.

तरीही करुणाची टोचणी जाईना. वेळापत्रक सुधारलं, सासूचा राग निवळला, पण ‘‘मी कमी पडते’’ हे चालूच. कुणाच्या मानानं कमी पडते, हे मात्र तिला सांगता येत नव्हतं. तेव्हा मी तिला विचारलं, की हे काम पहिल्यांदा तुझ्यापर्यंत कुणी आणलं?

तिचा चेहरा उजळला. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना तिचे वडील वारले. मातीहून परत आली त्या रात्री वसतिगृहात राहवेना, म्हणून परवानगी काढून मैत्रिणीबरोबर एका ताईच्या खोलीवर गेली. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. ताईंनी दार उघडलं, काहीच विचारलं नाही, वरण-भात गरम करून वाढला. पुढची तीन वर्षं करुणा वाट्टेल तेव्हा तिथे गेली.

‘‘ते दार मी कधी बंद पाहिलं नाही, मॅडम. मला तसंच व्हायचंय.’’

‘‘ताईंच्या घरात आणखी कोण होतं?’’

‘‘कुणी नाही. एकट्याच राहायच्या.’’

‘‘त्यांची मुलं?’’

‘‘मुलं कुठून? तेव्हा त्यांचं लग्नच...’’

आणि ती थांबली.

मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाच्या जिभेवर चार हुशार वाक्यं येतात आणि ती गिळायला शिकण्यातच निम्मी उमेदवारी जाते. मला ते आता जमतं. बऱ्याच वेळानं करुणा म्हणाली, ‘‘म्हणजे मी सहा वर्षं... एका एकट्या बाईच्या दाराशी माझं दार...’’ पुढचं तिनं बोलून दाखवलं नाही. मग ती हसायलाच लागली. माझ्या खोलीत ती पहिल्यांदाच हसत होती.

या हकिगतीतून मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे. सेवा कशी असते, याचं चित्र आपण जिच्याकडून ती पहिल्यांदा घेतली तिच्यावरून मनात काढतो. आणि घेतो त्या वयात, जेव्हा आपण एकोणीस-वीस वर्षांचे असतो. देणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे, त्याचा स्वयंपाक कोण करतंय, दुसऱ्या दिवशी त्याला उठणं जमतं का, हे त्या वयात दिसत नाही. पुढे आपलं लग्न होतं, मुलं होतात, घर बदलतं, पण चित्र तेच राहतं. कित्येक जणी मुलांमुळे थकलो असं म्हणतात. मी तपासायला लागले की बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या आयुष्याचं माप अंगाला लावलेलं निघतं. कामाच्या मुळाशी उपकाराची फेड असली तर हे माप आणखी घट्ट बसतं, कारण फेड कमी पडून चालत नाही असं वाटतं.

मी करुणाला त्या ताईंना फोन करायला सांगितलं. त्या आता विदर्भात असतात. ताई काय म्हणाल्या, ते करुणानं पुढच्या भेटीत सांगितलं: ‘‘अगं, तुम्ही पोरी गेल्यावर खोली खायला उठायची मला. तुम्ही यायचात म्हणून माझा दिवस सरायचा. आणि दुसऱ्या दिवशी मी अकरापर्यंत झोपायचे, ते तुला कोण सांगणार?’’

त्यानंतर बाकीची कामं भराभर झाली. नवऱ्याला मी एकदाच भेटले. ते म्हणाले, ‘‘मी हिला कधीच अडवलं नाही.’’ मी म्हटलं, ‘‘अडवलं नाही, मान्य. पण त्या दोन तासांत धाकट्याला कोण घेतं?’’ गृहस्थ सरळ होते, मुद्दा लगेच समजला. शनिवारी झेडपीची शाळा सकाळची असते, दुपारी ते घरी येतात. म्हणून सभा शनिवारी तीन वाजता ठेवली. त्या वेळेत दोन्ही मुलं बाबांकडे, आणि हे ‘बायकोला मदत’ या खात्यात धरायचं नाही, असंही ठरलं. वसतिगृहाच्या मुलींनाही ही वेळ सोयीची निघाली.

माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी आणखी एक सांगते. तोल रोजच्या रोज साधायच्या नादी लागू नका, वर्षभराचा हिशेब मांडा. विद्यार्थ्यांचं वर्ष साखर कारखान्यासारखं असतं, हंगाम असतो आणि मग शांतता असते. जून ते ऑगस्ट नव्या मुली येतात, बावरलेल्या असतात, तेव्हा काम अंगावर येतंच. दिवाळीत बहुतेक वसतिगृहं ओस पडतात. डिसेंबरात नाताळची गाणी आणि घरोघरच्या फेऱ्या. परीक्षेच्या महिन्यांत मुली स्वतःच येत नाहीत. दिवाळी आणि परीक्षेचे ते आठवडे घरासाठी आधीच राखून ठेवा, नाहीतर तिथेही कुणीतरी शिबिर लावतं. मूल अंगावर पितं ते वर्ष तर वेगळंच धरावं. हन्नाही शमुवेलाचं दूध सुटेपर्यंत शिलोच्या मंदिरात गेली नव्हती, आणि नवऱ्यानं, एलकानानं, तिला त्यावरून बोल लावला नाही. सतत रडू येणं, झोप लागायला हवी तेव्हा न लागणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तो विश्वासातला कमकुवतपणा समजू नका. डॉक्टरांना दाखवा.

आणि कामाची वाटणी. बायबलातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, म्हणतो की हे काम तुला एकट्याला झेपायचं नाही, माणसं नेम. ख्रिस्ती मंडळींत हा उतारा सगळ्यांना माहीत असतो. पण करुणाला मी अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला लावला. इथ्रो सल्ला द्यायला मोकळ्या हातांनी आलेला नाही. मोशेनं माहेरी धाडलेली त्याची बायको सिप्पोरा आणि दोन्ही मुलं बरोबर घेऊन आला आहे. आधी बायकामुलं तंबूत आणली आणि दुसऱ्या दिवशी कामाबद्दल बोलला. करुणा हे वाचून म्हणाली, ‘‘हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही.’’

आता दर महिन्याचे दोन शनिवार तिसऱ्या वर्षाची एक मुलगी चालवते. करुणा त्या दिवशी जात नाही, फोनही करत नाही. सुरुवातीला काही मुली यायच्या बंद झाल्या. ‘‘ताई नसतात’’ म्हणाल्या. त्यांतल्या दोघी परतल्या, बाकीच्या नाही आल्या. करुणाला त्याचं वाईट वाटतं. ते तिनं मला सांगितलं तेव्हा मी ऐकून घेतलं आणि पुढची तारीख दिली नाही, कारण तिला तिची गरज उरली नव्हती.