छोट्या हॅचबॅकला जास्त ग्रिपचे टायर हवेत. १८५/६५ आर१५ च्या जागी २०५/५० आर१६ घालावेत का?

बसतील, पण घेऊ नका. निदान पहिला खर्च त्यावर करू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी साधारण हजार किलोची, पुढच्या चाकांवर चालणारी आहे, कंपनीच्या ५.५ इंची पत्र्याच्या रिम आहेत, वळणावर पुढचा भाग बाहेर सरकतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) फार लवकर जागं होतं. या दोन्ही तक्रारींचं मूळ टायरच्या रुंदीत कमी आणि रबरात जास्त आहे. छोट्या गाडीला कारखान्यातून मिळणारे टायर बहुधा मायलेजकडे बघून निवडलेले असतात: कडक रबर, हलकी बांधणी, रस्त्यावर कमीत कमी अडकणारा टायर. माप तेच ठेवून चांगल्या रबराचा टायर घातला, तरी ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगमध्ये फरक लगेच कळतो.

रुंदीबद्दल एक हिशोब करून बघा. हजार किलोच्या गाडीचं सुमारे ६० टक्के वजन पुढे, म्हणजे एका पुढच्या चाकावर ३०० किलो. हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. ३०० ला २.३ ने भागा: टायरचा रस्त्यावरचा ठसा ढोबळमानाने १३० चौरस सेंटिमीटर. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर ठसा फारसा वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. लांबीला आखूड होतो, रुंदीला पसरतो. कोरड्या वळणावर याचा थोडा फायदा होतो. साचलेल्या पाण्यात उलटं घडतं. रुंद ठशाला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि हलकी गाडी लवकर तरंगते. तुमची निम्मी तक्रार ओल्या रस्त्याची आहे, त्यामुळे हे आधीच सांगतो.

आता मापं. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ हा रिमचा इंचातला व्यास. साइडवॉल १२०.२५ मिमी, तिची दुप्पट २४०.५, त्यात रिमचे ३८१ मिमी मिळवले की एकूण व्यास ६२१.५ मिमी. नवा टायर या आकड्याच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा, नाहीतर स्पीडोमीटर आणि गिअरिंग दोन्ही बिघडतात. २०५/५० आर१६ चा व्यास ६११.४ मिमी, म्हणजे १.६ टक्के लहान. चालण्यासारखं आहे, पण गाडी पाच मिमी खाली बसते आणि साइडवॉल जवळजवळ १८ मिमी कमी होते. खड्ड्याची कड लागली की मार थेट रिमला. १९५/५५ आर१६ येतो ६२०.९ ला, म्हणजे मूळ मापाइतकाच. १९५/६० आर१५ येतो ६१५ ला, एक टक्का कमी, आणि तो तुमच्या सध्याच्या ५.५ इंची रिमवर बसतो. १९५/५५ आर१५ मात्र टाळा. नाव जवळचं वाटतं, पण व्यास ५९५.५ मिमी, चार टक्क्यांहून जास्त फरक.

यापुढचा आकडा बहुतेक जण वाचतच नाहीत. मापानंतर ८८एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. ८८ हा भार निर्देशांक: एका टायरची क्षमता ५६० किलो. अक्षर वेगाचं: टी १९० किमी, एच २१०, व्ही २४०. गाडीला मूळ जो निर्देशांक दिलाय त्याच्या खाली जायचं नाही. आणि इथेच गोची आहे. १९५/५५ आर१६ आणि २०५/५० आर१६ ही दोन्ही मापं साध्या बांधणीत बहुधा ८७ मध्ये मिळतात, म्हणजे ५४५ किलो. ‘मोठा’ टायर घेऊन भारक्षमता घटवली, असं होतं. १६ इंचीवर जायचंच असेल तर १९५/५५ आर१६ ९१ एक्सएल (जादा भाराच्या बांधणीचा) मागा, त्याची क्षमता ६१५ किलो. मात्र एक्सएल टायर आपली पूर्ण क्षमता २९० केपीएला (सुमारे ४२ पीएसआय) गाठतो, साधा टायर २५० केपीएला (सुमारे ३६ पीएसआय). म्हणून दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जेवढी हवा लिहिली आहे, तेवढीच भरली तर ९१ एक्सएल मूळ ८८ पेक्षा किंचित कमी भार पेलतो. एक-दोन पीएसआय वर ठेवली की हिशोब जुळतो.

वेगाच्या अक्षराबद्दल लोक म्हणतात, ‘मी कुठे २४० ने जाणार आहे?’ बरोबर आहे, पण व्ही टायरच्या आतल्या पोलादी पट्ट्यांवर सहसा नायलॉनचं चांगलं आवरण असतं आणि बांधणी जास्त ताठ असते. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळते, ती सवय त्याने कमी होते. तुमच्यासारख्या गाडीला एच किंवा व्ही पुरे. त्याच्या वरच्या डब्ल्यूच्या मागे लागू नका.

रबर निवडताना तीन वर्ग डोळ्यांसमोर ठेवा. पहिला टूरिंग, उदाहरणार्थ मिशलिन प्रायमसी ४: शांत, टिकाऊ, ओल्यात चांगला. दुसरा रस्त्यावरचा स्पोर्ट टायर, उदाहरणार्थ ब्रिजस्टोन पोटेंझा आरई००३. तिसरा ट्रॅककडे झुकलेला, उदाहरणार्थ योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२. कोरड्या आणि तापलेल्या रस्त्यावर हा तिसरा वर्ग जबरदस्त चिकटतो, पण भराभर झिजतो, थंड असताना उदास असतो आणि साचलेल्या पाण्यात सांभाळूनच चालवावा लागतो. रोजच्या गाडीला तो नको. साइडवॉलवर ट्रेडवेअरचा आकडा असतो: २०० च्या आसपास म्हणजे मऊ आणि कमी टिकणारा, ४०० च्या वर म्हणजे टिकाऊ. हा आकडा उत्पादक स्वतःच देतो, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना त्यावर करा, दोन कंपन्यांची नको. युरोपीय लेबल असेल तर ओल्या पकडीचं अक्षर आधी बघा. ते ए ते ई असं असतं आणि तुमच्या कामाला बी च्या खाली जाऊ नका. तापमान सात अंशांच्या खाली राहत असेल तर उन्हाळी स्पोर्ट रबर कडक होतं. तिथे हिवाळी टायरचा वेगळा संच लागतो.

माझी पसंती स्पष्ट सांगतो. पहिली १९५/६० आर१५ ८८व्ही, स्पोर्ट वर्गातला, सध्याच्याच रिमवर. तो मिळाला नाही तर मूळ मापातच ओल्या पकडीचा चांगला टूरिंग टायर. १६ इंची तिसऱ्या क्रमांकावर, आणि तेही रिम हलकी असेल तरच. रिम आणि टायर वजनकाट्यावर ठेवून बघा. जुन्या चाकापेक्षा नवं चाक जड भरलं, तर स्टिअरिंग ताजं वाटेल पण खराब रस्त्यावर चाक रस्ता सोडून उडेल आणि गाडी उचल घ्यायला आळस करेल.

रिम बदलणार असाल तर तीन गोष्टी जुळायला हव्यात: बोल्टचं वर्तुळ, मधल्या भोकाचा व्यास आणि ईटी (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती मिमी बाहेर आहे तो आकडा). ५.५ ऐवजी ६.५ इंची रिम त्याच ईटीची घेतली, तर तिची कड आत आणि बाहेर प्रत्येकी १२.७ मिमी सरकते. आत शॉकअ‍ॅब्सॉर्बरला घासते का, बाहेर मडगार्डच्या कडेला लागते का, हे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि मागच्या सीटवर माणसं बसवून बघा. ईटी दहाने कमी म्हणजे चाक आणखी दहा मिमी बाहेर. तसं दिसायला रुबाबदार वाटतं, पण स्टिअरिंग खेचू लागतं आणि हब बेअरिंगवर ताण येतो. मधलं भोक मोठं असेल तर योग्य मापाची रिंग घाला, नाहीतर बॅलन्सिंग करूनही ८० च्या पुढे थरथर येते आणि दोष टायरला दिला जातो.

टायर घेताना साइडवॉलवरच्या ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक वाचा, ती उत्पादनाची तारीख. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. वर्षभरापेक्षा जुना टायर मी घेणार नाही. चारही एकाच नावाचे आणि एकाच मापाचे घ्या. दोनच घेणं भाग असेल तर नवे मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, मागची सुटली तर गोल फिरते, आणि दुसरी गोष्ट सावरणं फार कठीण.

बसवताना उभं राहून बघा. असमान नक्षीच्या टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं, ते बाहेरच दिसलं पाहिजे. बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेला. पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा सर्वांत हलका भाग, तो व्हॉल्व्हपाशी ठेवला की बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. रबरी व्हॉल्व्ह नवे घाला. ५० ते १०० किमी झाल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. नव्या टायरवर साच्यातल्या पदार्थाचा थर राहिलेला असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किमी जोर करू नका.

अलाइनमेंट त्याच दिवशी करा. त्याआधी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर तपासून घ्या, कारण ढिल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट ब्रेक लावताच बदलतं. अशा गाड्यांमध्ये पुढच्या चाकांचा फक्त टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत) बदलता येतो, कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) बहुधा नाही. टो बाहेर उघडा राहिला तर टायरची आतली कड खाल्ली जाते आणि बाहेरून बघणाऱ्याला ते दिसतच नाही. हात आत घालून खाचांवरून फिरवा, करवतीसारखं लागलं तर टो चुकलाय.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. दहा अंशांच्या फरकाने साधारण दीड पीएसआय बदलतो, आणि चालवल्यावर वाढलेली हवा काढायची नसते. साइडवॉलवरचा कमाल आकडा हा भरायचा आकडा नाही. नायट्रोजनने ग्रिप वाढते असं कोणी सांगितलं तर हसून पुढे जा, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. हवा बरोबर आहे का हे बघायला सोपी खूण आहे. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो, खरं तर झिजेच्या पट्टीची जागा दाखवणारा. तिथे खडूची आडवी रेघ ओढा आणि मोकळ्या, सुरक्षित जागी चार-पाच चांगली वळणं घ्या. खडू त्रिकोणाच्याही खाली पुसला गेला तर टायर दुमडतोय, दोन पीएसआय वाढवा. त्रिकोणाच्या बराच वर शाबूत राहिला तर एक कमी करून बघा, पण स्टिकरच्या आकड्याखाली नको.

झिजेची पट्टी १.६ मिमीवर असते. तिची वाट बघू नका. ओल्यातली पकड ३ मिमीच्या खाली झपाट्याने घसरते, तिथेच बदला. दर ८ ते १० हजार किमीला पुढचे-मागचे अदलाबदल करा. बाणाचे टायर त्याच बाजूला ठेवायचे, फक्त पुढचे मागे आणि मागचे पुढे.

स्टेपनी जुन्याच मापाची राहिली तरी या व्यासांमध्ये दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जायला अडचण नाही. मात्र नव्या रिम घेतल्या असतील तर जुन्या पत्र्याच्या रिमचे नट किंवा बोल्ट डिकीत ठेवा. अ‍ॅलॉयचे नेहमीच तिला बसतात असं नाही.