ओसीटी स्कॅनमधले थर ओळखताना: सुरुवात इथून करा

ओसीटी म्हणजे प्रकाशाच्या मदतीने डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) उभा छेद दाखवणारा स्कॅन. त्यातले थर ओळखणारं मॉडेल शिकवताना पहिल्याच आठवड्यात सगळ्या थरांच्या मागे लागू नका. दोनच सीमा पकडा: वरची आयएलएम (पडद्याचा सगळ्यात आतला पातळ पापुद्रा) आणि खालची आरपीईची (पडद्याच्या तळाशी असलेल्या रंगद्रव्याच्या पेशींच्या थराची) कड. दोन्हींतलं अंतर म्हणजे पडद्याची जाडी. निरोगी डोळ्यात ती मध्यभागी साधारण २५० ते ३०० मायक्रॉन भरते. ५०० आली तर आधी कोड तपासा.

सगळ्यात मोठा घात होतो डेटा वाटताना. एकाच डोळ्याचे शेजारचे बी-स्कॅन (स्कॅनमधले एकेक काप) जवळजवळ सारखे दिसतात. एक ट्रेनिंगमध्ये, दुसरा टेस्टमध्ये गेला की आकडे झकास येतात आणि नव्या पेशंटवर मॉडेल आपटतं. वाटणी पेशंटनिहायच करा, दोन्ही डोळे एकाच बाजूला.

आणखी नेहमीच्या चुका:
- चित्र उभं उलटवणं. थरांचा क्रमच बदलतो. आडवं उलटवलेलं चालतं.
- पिक्सेल चौरस धरणं. खोलीकडे ४ मायक्रॉनच्या आत आणि आडवा ११ च्या आसपास, असंही असतं. सीमेची चूक मायक्रॉनमध्येच मोजा.
- रक्तवाहिनीखालच्या काळ्या उभ्या पट्टीला थर तुटला समजणं. ती फक्त सावली असते.

मॉडेल साधं यू-नेट (चित्राचे भाग वेगळे करणारं न्यूरल नेटवर्क) घ्या, पुरतं. रोज वीसेक निकाल मूळ स्कॅनवर रेघ काढून डोळ्यांनी बघा, विशेषतः फोव्हियाच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागच्या, खळग्यात. तिथे आतले थर पातळ होत एकमेकांना भिडतात आणि रेघा एकमेकींना ओलांडतात.