‘हुजूर पक्ष’ : नेमके कुठले हुजूर?

प्रश्न असा आलाय की ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीला मराठी पेपरवाले ‘हुजूर पक्ष’ का म्हणतात, मजूर पक्षाशी यमक जुळावं एवढ्यासाठीच का? यमकाचा मोह असेलही, पण शब्द उगाच चिकटवलेला वाटत नाही.

हुजूर मूळचा अरबी, हजर-हजेरी त्याचेच भाऊबंद. धन्याच्या समोर उभा असतो तो हुजऱ्या, सरदारांची नाही तर खुद्द धन्याची फौज ती हुजुरात, आणि पुण्यात पेशव्यांची खाशी पागा होती ती हुजूरपागा (आता मुलींची शाळा). म्हणजे राजाच्या बाजूचे लोक ते हुजूर पक्षवाले, आणि कॉन्झर्व्हेटिव्हांचे पूर्वज, म्हणजे जुने टोरी, बरोब्बर तेच होते.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आठवतोय ना, ज्याला पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनच्या हुंड्यात मुंबई मिळाली आणि ज्याने ती १६६८ मध्ये वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, तोच. राणीला मूल नाही, राजाला बाहेरची पोरं ढीगभर पण औरस एकही नाही, म्हणजे गादी जाणार भाऊ जेम्सकडे आणि प्रोटेस्टंट इंग्लंडात जेम्स पडला कॅथलिक! १६७९ पासून त्याला वारसातून वगळायची बिलं आली, एक लॉर्ड्सनी (पार्लमेंटच्या वरच्या सभागृहाने) फेटाळलं, बाकी वेळा चार्ल्सने पार्लमेंटच मोडून टाकलं. ऑक्सफर्डला १६८१ मध्ये बोलावलेलं तर आठवडाभरात गुंडाळलं. या भांडणात वगळा म्हणणारे ते व्हिग आणि रक्ताचा वारस तोच राजा म्हणणारे ते टोरी. दोन्ही शिव्या बरं का. टोरी म्हणजे आयरिश दरोडेखोर, व्हिग म्हणजे स्कॉटलंडचे बंडखोर प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ), आणि दोघांनी त्या शिव्या मिरवल्या.

फक्त ‘हुजूर’मध्ये धर्माची बाजू येत नाही. टोरींची निष्ठा राजा आणि अँग्लिकन चर्च (इंग्लंडचं अधिकृत प्रोटेस्टंट चर्च) अशा दोघांवर होती, आणि जेम्सने १६८५ ला गादीवर बसल्यावर या दोघांतच भांडण लावलं. कायदे बाजूला सारून कॅथलिकांना फौजेत नेमलं, सात बिशपांना कैदेत टाकलं. तरी लोक गप्प होते, कारण वारस मुलगी मेरी प्रोटेस्टंट होती. मग १० जून १६८८ ला जेम्सला मुलगा झाला (बाळ बिछाना गरम करायच्या भांड्यातून आत आणलं अशी आवई उठली, म्हणजे बघा!) आणि महिनाअखेरीस मेरीच्या नवऱ्याला, हॉलंडच्या विल्यमला, फौज घेऊन या असं बोलावणं गेलं. सह्या करणाऱ्या सातांत डॅन्बी होता, तो पक्का टोरी.

विल्यम आला, जेम्स फ्रान्सला पळाला, तेव्हा खरी शब्दचर्चा झाली. कॉमन्सचं (खालच्या सभागृहाचं) म्हणणं जेम्सने राजत्याग केला, गादी रिकामी आहे. लॉर्ड्समधले टोरी अडून बसले, की राज्य ‘सोडून गेला’ असं लिहा. गादी रिकामी म्हटली की राजा निवडायचा हक्क पार्लमेंटला मिळतो हे त्यांना चांगलं कळत होतं. आठवडाभर घोळ घालून शेवटी लॉर्ड्स नमले. फेब्रुवारी १६८९ मध्ये विल्यम-मेरीला आधी हक्कांचा जाहीरनामा वाचून दाखवला आणि मग मुकुट देऊ केला. पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही, शांततेच्या काळात खडी फौज नाही, कायदे स्थगित करणं नाही.

१७०१ मध्ये पन्नासहून जास्त कॅथलिक वारस ओलांडून गादी हॅनोवरच्या प्रोटेस्टंट सोफियाच्या वंशाला दिली, तेव्हा कॉमन्समध्ये जोर टोरींचाच होता. म्हणजे रक्ताच्या वारसापेक्षा धर्म वरचढ ठरला.

तर आजच्या बातमीत हुजूर पक्ष बिनधास्त लिहा. सतराव्या शतकाबद्दल लिहीत असाल तर मात्र टोरीच बरं, कारण कॉन्झर्व्हेटिव्ह हे नाव १८३० च्या दशकातलं. व्हिगचं ‘उदारमतवादी पक्ष’ असं भाषांतरही काही जण करतात, ते टाळा, लिबरल पार्टी आणखी नंतरची.